कान तुटलेला कप : घरी दिल्या जाणाऱ्या रुग्णसेवेतलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

घरी जाऊन रुग्णांची देखभाल करणाऱ्या बायका पुरवणारी एक छोटी संस्था बडोद्यात आहे. तिथे मी समन्वयक म्हणून काम करते. या बायकांना गावात कोणी आयाबेन म्हणतं, कोणी केअरटेकर, मराठी घरांत बहुतेक वेळा 'बाई'. आमच्या कागदावर त्या 'सेविका' असतात. हे प्रकरण दांडिया बाजाराजवळच्या एका जुन्या मराठी घरातलं आहे. संबंधितांना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नाव कोणाचंच दिलेलं नाही. सेविकेचं नाव गाळताना मात्र हात अडतो. का, ते पुढे येईल.

रुग्ण 84 वर्षांचे निवृत्त शिक्षक. गणित शिकवायचे. गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे घरचे सोडून सगळे त्यांना 'सर' म्हणतात. मीही तेच म्हणणार आहे. पावसाळ्यात न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. खुब्याचा अर्धा सांधा बदलावा लागला. घरी सोडताना डॉक्टरांनी पथ्यं सांगितली: कमरेतून 90 अंशांपेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाटावर किंवा जमिनीवर बसायचं नाही, कमोडवर उंच बैठक बसवायची. वॉकर धरून दिवसातून थोडी पावलं टाकायची. बाकीचा वेळ पलंग. पलंगावर पडून असलेल्या माणसाची कूस साधारण दर 2 तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडाशी आणि टाचांशी कातडी दबून व्रण होतात.

घरात हे करणारं कोणी नव्हतं. सरांच्या पत्नी वारलेल्या. मुलगा भरूचकडे नोकरीला, पहाटे जातो आणि रात्री येतो. सून बँकेत. नातू कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. सुनेला मी वहिनी म्हणते. स्वभावाने अतिशय नीटनेटक्या, पैसे कधी एक दिवस उशिरा दिले नाहीत.

सेविका चाळिशीतली, गुजराती, नऊ वर्षं हेच काम केलेली. हात हलका, औषधांची वेळ चुकवत नाही. सकाळी 8 ते रात्री 8. आमच्याकडच्या ज्या चार-पाच जणींना मी डोळे मिटून कुठेही पाठवते, त्यांतली एक. पहिल्या दिवशी वहिनींनी तिच्या ओळखपत्राचा आणि आधार कार्डाचा फोटो फोनमध्ये काढून ठेवला. आम्हीच तसं करायला सांगतो.

अडचण

पाचव्या आठवड्यातल्या गुरुवारी दुपारी पावणेचार वाजता सेविका घर सोडून निघून गेली.

घडलं ते असं. दलियाची खिचडी भरवताना सरांनी तिच्या हातातला चमचा उडवला. वाटी पालथी झाली, खिचडी चादरीवर. 'हात लावू नकोस मला,' असं म्हणाले आणि पुढे मराठीत आणखी एक शब्द, जो तिला कळला. तिने चादर बदलली, त्यांना कुशीवर वळवलं, पाण्याचा पेला हाताशी ठेवला, वहिनींना फोन लावला. वहिनी मीटिंगमध्ये होत्या, फोन उचलला गेला नाही. आम्हाला तिने फोन केला नाही. सव्वापाचला नातू आला तेव्हा सर ओल्या कपड्यांत पडून होते. दीड तास.

वहिनींचा फोन मला साडेपाचला आला. 'ताई, तुमची बाई आजारी माणसाला टाकून पळाली. उद्या दुसरी पाठवा. ही आमच्या दारात परत नको.' त्यांचा आवाज थरथरत होता आणि त्यात काही चूक नव्हतं. मी म्हटलं, 'चुकलंच वहिनी, माफ करा. तिला बघते मी.'

तोवर सेविकेशी मी एक शब्दही बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ऑफिसात आली. घर सोडल्याबद्दल तिने कुठलीही सबब सांगितली नाही. 'ए मारी भूल,' एवढंच. आणि मग, मी खोदून विचारल्यावर, बाकीचं सांगितलं. पाच आठवड्यांत त्या घरात तिला कोणी नावाने हाक मारली नव्हती. नाव माहीत नव्हतं असं नाही, फोनमध्ये फोटोसकट होतं. सर 'ए' म्हणायचे. वहिनी 'अहो, जरा इकडे या ना' म्हणायच्या, गोड आवाजात. नातू काहीच म्हणायचा नाही, समोर येऊन उभा राहायचा. तिचा चहा कान तुटलेल्या चिनी मातीच्या कपात. हा कप न्हाणीघराच्या खिडकीत पालथा ठेवलेला असे. चहाच्या वेळी तिने तो स्वतः आणायचा, ओट्यापाशी धरायचा, वरून चहा ओतला जायचा, पिऊन झाला की विसळून पुन्हा खिडकीत. डबा मागच्या जिन्यावर बसून खायचा. आणि संडास? खाली चौकात भाडेकरूंसाठी एक आहे, तो वापरायचा. सरांना एकटं सोडून दोन मजले उतरणं तिला प्रशस्त वाटेना, म्हणून ती दिवसभर पाणीच कमी प्यायची.

कपाबद्दल ती एकच वाक्य बोलली. 'जे हाथे एमने खवडावुं छुं, ए हाथनो कप जुदो.' ज्या हाताने त्यांना भरवते, त्या हाताचा कप वेगळा. तिची जात मी कधी विचारली नाही. त्या घरानेही विचारली नव्हती. ओळखपत्रावर आडनाव असतं.

शनिवारी मी सरांकडे गेले. वाटलं होतं चिडचिडा म्हातारा भेटेल. भेटला तो अपमान गिळून बसलेला माणूस. 'मी खांब आहे का?' हा त्यांचा पहिला प्रश्न. डोळे मिटून पडलेलो असतो आणि अचानक कोणीतरी खांद्याला आणि कमरेला हात घालून उलटं करतं. आधी एक शब्द नाही. टॉवेलने अंग पुसताना दार सताड उघडं, समोरून नातवाचे मित्र जातात. जेवताना 'चालो दादा, डाह्या थईने खाई लो', शहाण्या बाळासारखं खाऊन घ्या. आणि गुरुवारच्या आदल्या दिवशी शेजारच्या बाई वाटीभर बासुंदी घेऊन बघायला आल्या होत्या. त्यांच्या तिन्ही मुलांना सरांनी शिकवलेलं. त्यांच्यासमोर सेविकेने वहिनींना सांगितलं की आज दादांना संडास बरोबर झालेलं नाही, एनिमाचं डॉक्टरांना विचारा. सर म्हणाले, 'त्या बाईंनी मान खाली घातली. माझ्यासाठी घातली.'

मी विचारलं, 'पण सर, तुम्ही तिला ए म्हणता.'

'मग काय म्हणू?'

हे त्यांनी उर्मटपणे विचारलं नाही. त्यांना खरोखर सुचत नव्हतं.

दोन्ही बाजू खऱ्या निघतात तेव्हा

अशा प्रसंगी आपण एक बाजू हलकी आणि दुसरी जड ठरवायला बघतो. मीही पाहिलं. कपाचा मामला मोठा, चमच्याचा छोटा, असं मनातल्या मनात ठरवून झालं होतं. तरी सरांचं म्हणणं डोक्यातून जाईना. जी सेविका पाच आठवडे नावावाचून राबत होती, तीच एका माणसाला विचारल्याशिवाय उलटंपालटं करत होती. दोन्ही एकाच खोलीत, एकाच पलंगाच्या दोन बाजूंना.

आणि वरवर पाहता कोणाच्या बोलण्यात खोट नव्हती. सेविका सरांना सतत 'तमे' म्हणायची, तिच्या तोंडून एकदाही तुंकारा गेला नव्हता. वहिनी तिच्याशी अहो-जाहोच बोलायच्या. बडोद्यात तर रिक्षावाला भाई आणि भाजीवाली बेन असते, आपल्या मराठी घरांनीही ही गोड सवय उचलली आहे, आणि ती चांगलीच आहे. पण आदर बोलण्यातल्या रूपांवरून मोजायचा झाला असता, तर या घरात सगळं ठीक आहे असंच कोणीही म्हटलं असतं. मला त्या दिवसापासून वाटतं की खरी जागा त्याच्या अलीकडे आहे: माणसाच्या अंगाला, वस्तूला, वेळेला हात घालण्याआधी त्याला विचारलं का, निदान सांगितलं का. सरांना विचारलं जात नव्हतं. सेविकेला तर चहा कुठे बसून पिणार हेही कोणी विचारलं नव्हतं.

समोर असलेले पर्याय

दुसरी सेविका पाठवणं सर्वांत सोपं होतं. आमच्या धंद्यात नव्वद टक्के तक्रारी अशाच मिटतात, असं म्हणण्याचा मोह होतो. आकडा मी मोजलेला नाही, पण हात आपोआप तिकडे जातो एवढं खरं. नवी बाई जाते, तिलाही तोच कप मिळतो, आणि जुनीच्या नावापुढे 'पेशंट सोडून गेली' असा शेरा राहतो.

सेवा काढून घेणं हा दुसरा. आमच्या ट्रस्टींपैकी एक जण त्याच मताचे होते: अशा घरात आपली बाई जाता कामा नये. ऐकायला बाणेदार. पण पलंगावरच्या माणसाची कूस कोण बदलणार होतं? पाचव्या आठवड्यात त्यांच्या माकडहाडावर लालसर डाग दिसायला लागला होता.

तिसरा, वहिनींना बसवून कपाचं सरळ सांगणं. मी याच विचाराची होते आणि शुक्रवारीच फोन उचलला होता. सेविकेने हात धरून थांबवलं. 'कपनी वात ना काढशो.' का? कारण उद्या ती परत गेली तर 'कपासाठी रडणारी बाई' म्हणून जाईल. तिला तक्रारदार व्हायचं नव्हतं. तिच्या अपमानाचा उपयोग तिच्या इच्छेविरुद्ध करणं, तेही तिच्या भल्यासाठी, हा पुन्हा न विचारता उलटवण्याचाच प्रकार झाला असता. हे मला त्या क्षणी कळलं नाही. फोन ठेवला तो नाइलाजाने. रात्री कळलं.

चौथा पर्याय सावकाशीचा होता. दोघांशी वेगवेगळं बोलायचं, परत जायचं की नाही ते सेविकेवर सोडायचं, आणि जे बदलायचं ते या एका घरापुरतं न ठेवता सगळ्या घरांसाठी नियम म्हणून लिहायचं. म्हणजे बोट कोणाकडेच रोखलं जाणार नाही. आम्ही हा घेतला.

काय केलं

पहिलं काम माझं होतं. सेविकेला सांगितलं की तिचं म्हणणं ऐकण्याआधी मी तिच्या नावाने माफी मागितली, ते चुकलं. तिने मान हलवली, एवढंच. वहिनींनाही फोन करून सांगितलं की गुरुवारी घर सोडणं चुकीचंच होतं, पण मी तेव्हा दुसरी बाजू न ऐकता बोलले. वहिनी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, 'दुसरी बाजू आहे का?' मी म्हटलं, 'आहे. तिला विचारून सांगेन.' तीन दिवस त्यांनी घरातच रजा काढून निभावलं. त्या तीन दिवसांत सासऱ्यांची कूस बदलताना काय होतं हे त्यांच्या हातांना कळलं, आणि याचा पुढे आम्हाला फार उपयोग झाला.

मग कागद. एका पानावर मराठी, गुजराती आणि हिंदीत. घरासाठी: सेविकेला नावाने हाक मारावी, बसायला खुर्ची द्यावी, चहापाणी घरातल्याच भांड्यांतून, घरातला संडास वापरता यावा, जेवायला अर्धा तास आणि त्या वेळी रुग्णाजवळ कोणीतरी. सेविकेसाठी: हात लावण्याआधी काय करणार ते सांगावं आणि क्षणभर थांबावं, अंग पुसताना दार बंद, संडास-लघवीची गोष्ट नोंदवहीत लिहावी, पाहुण्यांसमोर उच्चारू नये, रुग्णाला जी हाक आवडते तीच मारावी, आणि काहीही झालं तरी दुसरं माणूस येईपर्यंत रुग्णाला सोडू नये, आधी ऑफिसला फोन. त्या वेळी चालू असलेल्या सगळ्या घरांत हे पान एकाच आठवड्यात गेलं. दोन घरांनी हरकत घेतली. एकाची समजूत पटली, दुसऱ्याने आमची सेवा बंद केली. ट्रस्टींना ते झोंबलं. मला त्याबद्दल वाईट वाटत नाही.

वहिनींच्या घरी ते पान मी स्वतः नेलं. त्यांनी जेवणाच्या टेबलाशी बसून वाचलं. 'भांड्यांतून' या शब्दापाशी बोट थांबलेलं मी पाहिलं. त्या उठल्या, न्हाणीघरात गेल्या आणि कप घेऊन आल्या. पांढरा, कडेला निळी रेघ, कान तुटून राहिलेले दोन खरखरीत कोंब. 'हा सासूबाईंच्या वेळचा,' त्या म्हणाल्या. 'धुण्याच्या बाईसाठी ठेवलेला. ती बाई येणं बंद होऊन सात वर्षं झाली, ताई. मी कधी…' वाक्य तिथेच राहिलं. कप त्यांनी फेकला नाही, फोडला नाही. सिंकच्या कडेला ठेवला आणि त्याकडे बघत उभ्या राहिल्या. नातू म्हणाला, 'इन्फेक्शन होऊ नये म्हणून असेल ना?' त्याला कोणी उत्तर दिलं नाही. साबणाने धुतलेल्या कपातून काय पसरणार होतं, जे भरवणाऱ्या हातातून पसरलं नसतं, हे त्याचं त्यालाच बोलता बोलता समजलं असावं.

इथे एका निर्णयाबद्दल सांगायला हवं. सरांच्या खोलीत मागे एक जुना फोटो आहे: शाळेची मुलं, रांगेत, कमाटी बागेत. सर दरवर्षी वर्गाला तिथे न्यायचे आणि 1917 ची गोष्ट सांगायचे. बडोद्याच्या कुठल्याही मराठी घराला ती पाठ असते. सयाजीराव गायकवाडांनी 1913 साली शिष्यवृत्ती देऊन आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. करार पाळायला ते 1917 च्या सप्टेंबरात संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. मागे महाराजांचा हुकूम, हाताशी परदेशातलं शिक्षण. तरी कचेरीतले शिपाई कागद त्यांच्या हातात न देता लांबून टेबलावर टाकत. राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तर काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी तिथूनही बाहेर काढलं. बागेतल्या झाडाखाली ते बसले ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. ज्या राजाने 1906 साली साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्याचा हुकूम शिपायाच्या मनगटापर्यंत पोचला नव्हता.

फोटो समोर होता, कप सिंकवर होता. सरांना या गोष्टीची आठवण करून द्यावी असं जिभेच्या टोकावर आलं. मी बोलले नाही. पलंगावर पडलेल्या, कपडे दुसऱ्याच्या हातून बदलले जाणाऱ्या माणसाला त्याच्याच शिकवणीने गाठणं मला बरोबर वाटलं नाही. सेविका या घरात परत येईल की नाही, याचीही त्या वेळी काळजी होती. आजही नक्की सांगता येत नाही की तो विचार होता की भीड. गणिताच्या त्या शिक्षकाला थेट प्रश्न झेपला असता, असं कधी कधी वाटतं.

सोमवारी सेविका परत गेली. तिच्या दोन अटी होत्या: नावाने हाक, आणि पहिल्या सकाळी मी सोबत. खोलीत शिरून ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. 'सर,' ती म्हणाली. 'दादा' नाही. 'गुरुवारे हुं जती रही ए खोटुं थयुं.' गुरुवारी मी निघून गेले ते चुकलं. सर भिंतीकडे बघत होते. 'बरं,' म्हणाले. चमच्याबद्दल, त्या शब्दाबद्दल काही नाही. मला वाटलं, झालं, आता पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. कूस बदलायची वेळ झालेली होती. तिने हात पुसले, पलंगाजवळ आली आणि हात स्वतःच्या पोटाशीच धरून विचारलं, 'सर, डाबी बाजू फेरवुं?' डाव्या कुशीवर वळवू? पंखा फिरत होता. सर बराच वेळ गप्प होते, आणि ती हात न लावता तशीच उभी होती. मग ते म्हणाले, 'फेरवो.'

'फेरवो' म्हणजे 'वळवा'. एकेरी 'फेरव' म्हणाले असते तरी गुजरातीत चाललं असतं. इतके आठवडे तेच म्हणत होते.

पुढे काय झालं

माकडहाडावरचा डाग दोनेक आठवड्यांत फिका पडला. त्याचं एक साधं कारण सेविकेनेच सांगितलं. आधी सांगून वळवलं की सर चांगल्या पायाने गादीला रेटा देतात, शरीर घासत नाही, आणि तिच्या कमरेवरचा भारही निम्मा होतो. न सांगता वळवताना ते दचकून ताठ होत आणि सगळं वजन तिच्या हातांवर येई. जेवणही सुधारलं. चमचा हातात देऊन बघावा हे तिनेच सुचवलं. निम्मं सांडायचं, पण ते स्वतः जेवायचे.

कप सोपा गेला, संडास नाही. वरच्या मजल्यावर एकच, त्यावर सरांची उंच बैठक बसवलेली. 'माझ्या कमोडवर?' असं सर म्हणाले आणि वहिनी मध्ये पडल्या नाहीत. तीन आठवडे सेविका खाली जात राहिली. फरक इतकाच की त्या वेळी नातू किंवा शेजारच्या बाई सरांजवळ बसायच्या. शेवटी नातवाने मार्ग काढला. बैठक उचलून बाजूला ठेवायला आणि पुन्हा बसवायला एक मिनिट लागतं, हे त्याने आजोबांसमोर करून दाखवलं. सरांनी होकार दिला नाही. नाहीही म्हटलं नाही. त्या दिवसापासून ती वरचा वापरू लागली आणि पाण्याची बाटली भरून आणू लागली.

सरांनी माफी मागितली नाही, शेवटपर्यंत नाही. दुखायला लागलं की 'ए' पुन्हा तोंडातून यायचं. सेविका म्हणायची, 'सर, मारुं नाम?' आणि ते नाव घ्यायचे, कधी चिडून, कधी नीट. चार महिन्यांनी वॉकर धरून ते गॅलरीपर्यंत जाऊ लागले, आणि सेविकेला तिच्या घराजवळ दुसरं काम मिळालं. तिला निरोप देताना वहिनींनी साडी दिली. सर गॅलरीत होते. तिने खालून हात केला, त्यांनीही वॉकरवरचा एक हात उचलला. वहिनी ओरडल्या, दोन्ही हात वॉकरवर, बाबा!

काय वेगळं करता आलं असतं

सुरुवातीच्या भेटीत आम्ही दोन पानांचा फॉर्म भरतो. साखर, रक्तदाब, औषधं, कॅथेटर, पथ्यं, संपर्काचे नंबर. त्यात सेविका कुठे बसेल, कुठे जेवेल, कुठला संडास वापरेल, याची एकही ओळ नव्हती. रुग्णाला काय म्हणून हाक मारलेली आवडेल, हेही नव्हतं. या दोन प्रश्नांना पाच मिनिटं लागली असती आणि पाच आठवडे वाचले असते. मी ते घर पहिल्या दिवशी स्वतः पाहिलं होतं. न्हाणीघराचा उंबरा पाहिला, धरायला दांडा बसवायला सांगितला. खिडकीतला कपही पाहिला असणार. नजरेत भरला नाही. माझ्या माहेरीही असा एक पेला होता, स्टीलचा, अंगणातल्या कोनाड्यात.

दर आठवड्याला मी घरी फोन करायचे आणि 'सगळं ठीक?' असं वहिनींना विचारायचे. सेविकेला वेगळा फोन करत नसे. सरांशी तर कधीच बोलले नव्हते. 84 वर्षांच्या, पूर्ण शुद्धीतल्या माणसाची खबर मी पाच आठवडे त्याच्या सुनेकडून घेत होते. आता पहिला फोन रुग्णाला, बोलता येत असेल तर.

सेविका म्हणून ज्यांना आम्ही शिकवतो, त्यांच्या प्रशिक्षणात कूस कशी बदलायची हे सुरुवातीपासून होतं. आधी सांगून मग थांबायचं, हे वाक्य कुठेच नव्हतं. आता आम्ही ते एकमेकींवर करून घेतो. एकीने पलंगावर डोळे मिटून पडायचं, दुसरीने न सांगता वळवायचं, मग सांगून. न सांगता वळवलेली प्रत्येक जण पलंगाची कड गच्च पकडते.

फॉर्ममध्ये दोन रकाने वाढवले आहेत. 'रुग्णाला काय म्हणून हाक मारावी?' सरांच्या फॉर्ममध्ये तिथे आता 'सर' लिहिलेलं आहे, त्यांच्याच थरथरत्या अक्षरात. त्याखाली: 'सेविकेला घरात काय म्हणून हाक माराल?' हा रकाना घरच्यांनी भरायचा असतो. या महिन्यात आलेल्या 11 फॉर्मांपैकी 7 मध्ये तो रिकामा आहे. त्या सातही घरांना मी फोन करते आहे. आजपर्यंत चार झाले.